शाळेच्या विहिरीवरचे इंजिन आणि ऑइल कूलर

आम्ही या शाळेच्या वसतिगृहात राहत होतो त्या काळी विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. पंपाच्या मोठ्या नळातून बोटाएवढी एक बारीक नळी फुटून इंजिनाच्या पोटात जाई आणि दुसऱ्या बाजूने कोमट पाणी बाहेर पडे. कामठ्याच्या हिवाळ्यात, शिवारावर धुके पसरलेले असताना, त्या कोमट पाण्याखाली तोंड धुण्यासाठी आमची रांग लागत असे. पाणी अधिक यावे म्हणून आमच्यापैकी कोणी तरी हळूच बारीक नळीची तोटी पूर्ण उघडी. मग पाणी भरपूर येई, पण गारठलेले. इंजिन सांभाळणारे काका दुरूनच आवाजावरून ओळखत आणि ओरडत, "अरे पोट्टेहो, इंजिनले थंड नाही करा लागत, बेतात ठेवा लागते!" आम्हाला तेव्हा ती काकांची कंजुषी वाटे. त्या वाक्यात यंत्रशास्त्राचा एक पुरा धडा होता, हे कळायला आम्हाला पंचवीस वर्षे लागली.

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात हा धडा पुन्हा आठवण्याचे कारण घडले. आमच्या कितीतरी नंतर शाळेतून बाहेर पडलेला एक तरुण दीडशे सीसीच्या मोटारसायकलवर आला होता. त्याच्या घरातले ते पहिले स्वयंचलित वाहन. गावोगावी सामान पोचवण्याचे काम तो करतो. दिवसभर गाडी, मागे बांधलेला बोजा आणि डोक्यावर ऊन. "जयभीम दादा," म्हणून तो आमच्याजवळ बसला आणि त्याने खिशातून एक कागद काढला. शहरातल्या एका दुकानाने त्याला ऑइल कूलर बसवण्याचा खर्च लिहून दिला होता. "नवतप्यात इंजिन फार तापते. हे बसवले तर गाडी दहा वर्षे टिकेल म्हणतात. बसवू काय?" त्याने विचारले. बोलता बोलता हेही कळले, की ती रक्कम त्याने धाकट्या बहिणीच्या जूनमधल्या प्रवेशासाठी बाजूला ठेवली होती.

आम्ही चौघे वर्गमित्र तिथे होतो. एकाचे गोंदियात दुरुस्तीचे दुकान आहे, एक शिक्षक आहे, एकाकडे जुनी बुलेट आहे आणि एक थोडा लंगडत चालतो. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हा चौघांच्या अनुभवात विखुरलेले होते. ते एकत्र करून मांडण्याचा हा प्रयत्न. आज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी मोटारसायकल आहे आणि बहुतेक गाड्या हवेवर थंड होणाऱ्याच आहेत. म्हणून स्मरणिकेच्या वाचकांना तो अस्थानी वाटणार नाही, अशी आशा आहे.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा कामी येतो. उरलेली सारी उष्णता असते. तिच्यातील बरीच धुरासोबत निघून जाते. बाकीची सिलिंडर आणि हेड यांच्या अंगावरच्या पात्यांमधून वाऱ्याला द्यावी लागते. पात्यांची संख्या, लांबी आणि त्यांच्यातील फट कारखान्यात हिशेबानेच ठरवलेली असते. आपल्या देशात विकण्यासाठी बनवलेल्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीचा हिशेब आपल्याकडचा उन्हाळा धरूनच केलेला असतो. विदर्भातला पंचेचाळीस अंशांचा मे महिना अभियंत्यांना अपरिचित नाही.

इंजिनातले तेल वंगणाबरोबर उष्णता वाहून नेण्याचेही काम करते. ऑइल कूलर म्हणजे त्या तेलाच्या वाटेत बसवलेली एक जाळी. पंपाने ढकललेले तेल नळीतून या जाळीत येते, समोरच्या वाऱ्याने निवते आणि परत जाते. कल्पना खरी आहे आणि मोठ्या कंपन्यांनी ती वापरलीही आहे. सुझुकीने 1985 मध्ये जीएसएक्स-आर 750 ही गाडी काढली, तेव्हा हेडला थंड ठेवण्याचा मुख्य भार तेलावरच टाकला होता. आपल्याकडे बजाजने 2007 मध्ये पल्सरच्या 200 आणि 220 सीसीच्या गाड्यांना ऑइल कूलर दिला. रॉयल एनफिल्डच्या 2016 मधल्या हिमालयनला तो होता. 2018 मध्ये आलेल्या 650 सीसीच्या इंटरसेप्टरलाही आहे. मग कंपनी देते ते आपण आपल्या गाडीला का लावू नये, असा प्रश्न त्या तरुणाला पडला, तर त्यात त्याचे काय चुकले?

फरक असा, की कंपनी जेव्हा कूलर देते तेव्हा पंपाची ताकद, तेलाचे वाटे, नळीची जाडी आणि जाळीचा आकार हे सारे एकमेकांना जुळवून घेते. ज्या इंजिनांत तेलावर खरा भार असतो, त्यांच्या हेडमध्ये ज्वलनकक्षाभोवती तेल फिरण्यासाठी खास वाटा ठेवलेल्या असतात. बाहेरून जोडलेला कूलर ही वाट निर्माण करू शकत नाही. तो खालच्या तेलाला निववतो. सर्वांत जास्त तापणाऱ्या हेडला त्याचा लाभ थोडाच होतो. उलट तेलाचा प्रवास लांबतो. लहान गाडीत जेमतेम लिटरभर तेल असते. पंप तेवढ्याच बेताचा असतो. जाळी अरुंद असेल, तर वर हेडपर्यंत पोचणाऱ्या तेलाचा दाब कमी होण्याची भीती असते.

आमच्या बुलेटवाल्या मित्राने या बाबतीत कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता प्रयोग केला. त्याने कूलर बसवला आणि तेल भरण्याच्या झाकणाच्या जागी बसणारा तापमापक आणला. ऐन मे महिन्यात गोंदियाहून गोरेगाव, कोहमारा आणि पुढे महामार्गाने साकोलीपर्यंत आम्ही दोन दुपारी गेलो. एकदा जाळी उघडी ठेवून, एकदा तिच्यापुढे पुठ्ठा बांधून. महामार्गावर एकसारख्या वेगात असताना फरक निःसंशय दिसला. जाळी उघडी असता काटा खाली राहिला, पुठ्ठा असता वर चढत गेला. परंतु गोंदियात शिरल्यावर, रेल्वे फाटकाशी आणि बाजारातल्या गर्दीत, दोन्ही दिवशी काटा सारखाच चढला. त्याचे कारण उघड आहे. पात्यांना वारा लागतो तसाच जाळीलाही वाराच लागतो, आणि उभ्या गाडीला वारा नसतो. म्हणजे जिथे इंजिन गुदमरते, नेमका तिथेच कूलर हतबल होतो.

प्रयोगाचा दुसरा भाग हिवाळ्यात झाला आणि तिथे आम्हाला विहिरीवरचे काका आठवले. जानेवारीच्या पहाटे आम्ही तीच गाडी कामठ्याहून गोंदियाला नेली. काटा वर येईचना. तेल पुरेसे तापले नाही, की इंजिनात जमणारा ओलावा उडून जात नाही. तो तेलात मिसळत राहतो आणि कधी कधी झाकणाखाली पांढरट साय दिसू लागते. तेल शंभर अंशांच्या आसपास पोचणे हे इंजिनाच्या आरोग्याला आवश्यकच आहे. कंपनीच्या चांगल्या जोडणीत तेल तापेपर्यंत जाळीची वाट बंद ठेवणारी झडप असते. बाजारातल्या स्वस्त जोडणीत ती बहुधा नसते. आपल्यापैकी बहुतेकांचा रोजचा प्रवास गाव ते तालुका एवढाच. अशा प्रवासात बारा महिन्यांपैकी बरेच महिने तेल अति तापण्यापेक्षा पुरते न तापण्याचीच शक्यता अधिक. त्या पहाटे पुठ्ठा पुन्हा बांधला, तेव्हा कुठे काटा हलला.

आता लंगडत चालणाऱ्या मित्राविषयी. त्याच्या संमतीने हे लिहीत आहोत. त्यानेही दीडशे सीसीच्या गाडीला कूलर बसवला होता, आणि तो स्वतःच सांगतो, की इंजिनाच्या काळजीपेक्षा समोर चमकणाऱ्या जाळीचा मोह मोठा होता. बसवणाऱ्याने नळी चौकटीला घासेल अशी नेली. चार महिने काही झाले नाही. मग पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी नळी फाटली, गरम तेल उडत मागच्या चाकावर गेले आणि वळणावर गाडी खालून निसटली. पायाचे हाड मोडले. खाजगी नोकरी होती. तीन महिने बिनपगारी गेले, आणि त्या वर्षी घरच्या धानाची रोवणी त्याच्या पत्नीने उसनवारीच्या मजुरांवर निभावली. इंजिनही जप्त झाले, कारण तेल संपल्याचे कळेपर्यंत ते धावत होते. जिथे एकही जोड नव्हता तिथे चार नवे जोड आले होते; त्यातला एक निकामी होताच सारे गेले. आजही तो मेळाव्याला येतो तेव्हा गाडी दुसऱ्याला चालवू देतो.

दुकानवाल्या मित्राचे म्हणणे याहून साधे आहे. त्याच्याकडे "इंजिन फार तापते" म्हणून येणाऱ्या गाड्यांत रोग बहुधा दुसराच निघतो. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल पात्यांत बसतो आणि वाळून फटी बुजवतो. लोक गाडीची टाकी पुसतात, पाती पुसत नाहीत. लेगगार्डला पिशवी किंवा प्लॅस्टिक बांधून वारा अडवलेला असतो. टॅपेट घट्ट झालेले असतात. पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने कमी पडत असते. ब्रेक चाकाला चिकटून राहतो आणि इंजिन उगाच ओढत राहते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे तेल. ते वेळेवर बदललेले नसते, पातळी पाहिलेली नसते, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीऐवजी जे मिळाले ते ओतलेले असते. यातल्या कोणत्याही दोषावर कूलर हा उपाय नाही. ताप आलेल्या माणसाला पंख्याखाली निजवल्याने ताप जात नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. मोठ्या इंजिनाची गाडी असेल, उन्हाळ्यात तासन् तास महामार्गावर बोजा घेऊन धावायचे असेल, तापमान मोजून ते खरोखर जास्त आढळले असेल, आणि झडपेसह चांगली जोडणी जाणत्या हातांनी होणार असेल, तर कूलर उपयोगी आहे. शंभर-दीडशे सीसीच्या रोजच्या गाडीला तो अनावश्यक आहे. गाडी वॉरंटीत असेल, तर अशी जोडणी केल्यावर कंपनी इंजिनाची जबाबदारी नाकारू शकते, हेही विसरू नये.

मेळाव्याच्या दुपारी आम्ही त्या तरुणाची गाडी शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी केली. पात्यांतला चिखल लाकडी काडीने कोरून काढला. एवढा निघाला, की तो स्वतःच ओशाळला. टॅपेट पाहिले, तेव्हा एक घट्ट निघाला. तेल काळे पडले होते, ते बदलले. सातवी-आठवीची मुले-मुली भोवती जमली होती. एका मुलीने पातळ पट्टी टॅपेटच्या फटीत सरकवून पाहिली आणि "आता बरोबर आहे" असे ठामपणे सांगितले. सारा खर्च तेलाच्या एका डब्याचा झाला. दुकानाचा तो कागद तरुणाने घडी करून खिशात ठेवला. जूनमध्ये त्याचा फोन आला. बहिणीचा प्रवेश झाला होता. गाडीविषयी त्याने काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

विहिरीवर आता विजेची मोटर आहे. कोमट पाण्याची रांग लागत नाही आणि काकाही राहिले नाहीत. त्या दुपारी टॅपेट पाहणाऱ्या मुलीने आम्हाला विचारले होते, "मग कूलर लावायचा की नाही, हे कळणार कसे?" बुलेटवाल्या मित्राने आपला तापमापक काढून तिच्या हाती दिला. तो आता शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. ज्याला गरज वाटेल त्याने न्यावा, मोजून पाहावे आणि परत आणून ठेवावा.