हवेला जायला वाट

बुलढाणा जिल्ह्यात माणसाला आधी विचारतात, घाटावरचा की घाटाखालचा? बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरात सहाशे मीटरहून उंच. तिथं मे महिन्यातही रात्री सुसह्य असतात. मी घाटाखालचा. माझं गाव नांदुऱ्याच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात. इथं पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो आणि रात्रीही भिंती ऊन ओकत राहतात.

त्यामुळं माझ्या बालपणाचा आवाज म्हणजे कूलरचा आवाज. होळी झाली की पत्र्याचा कूलर माळ्यावरून खाली यायचा. ताट्यांतलं जुनं वुडवूल काढायचं, नवं भरायचं. पहिल्यांदा पाणी पडलं की जो ओला, लाकडी वास सुटायचा तो मला पहिल्या पावसाच्या वासाइतकाच प्रिय आहे. त्या घरघरीत आम्ही गाढ झोपायचो. लाइट गेली, आवाज थांबला, की जाग यायची.

एकदा झळा येतात म्हणून मी समोरची खिडकी लावून टाकली. अर्ध्या तासात अंग चिकचिकू लागलं. माय आली आणि म्हणाली, "काऊन लावली रे खिडकी? हवेले जायाले वाट नको का?" पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, पण ती दमट हवा बाहेर गेली नाही तर पुढचं पाणी उडणार कसं? हे पुस्तकात फार नंतर वाचलं. मायला ते अंगानं ठाऊक होतं.

2004 साली खामगावात डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिकांचा हंगाम ऐन उन्हाळ्यात. संगणक तापायचा, तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं. कॅबिनेटचं झाकण काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. एका दुपारी पत्रिका छापायला जाण्याआधीच संगणक बंद पडला, आणि मग रोज पडू लागला. दुरुस्तीवाल्यानं आतला पंखा उचलून दाखवला. हीटसिंकच्या पात्यांमध्ये गादीतल्यासारखा रुईचा थर बसला होता. खामगाव कापसाची बाजारपेठ. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की रुईचे बारीक तंतू हवेत असतात, आणि उघड्या झाकणातून मी त्यांना आत बोलावलं होतं. पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता, पण हवेला जायला वाट नव्हती. झाकण काढल्यानं वारा सैरभैर होतो. पुढून गार हवा आत, मागून तापलेली बाहेर, असा रस्ता राहिला तरच तो कामाचा.

आता माझं काम ध्वनिमुद्रणाचं आणि व्हिडिओ संकलनाचं. जोरात चाललेला संगणक चारशे वॅट वीज खेचतो आणि जवळजवळ ती सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. पंखा कितीही मोठा असला तरी आतलं तापमान खोलीच्या खाली नेऊ शकत नाही. थंड देशांत खोली बावीस अंशांवर असते, आमची मेमध्ये अडतीसवर. सोळा अंश काम सुरू होण्याआधीच खर्ची पडलेले. कूलरचा झोत संगणकावर सोडावा, तर आमचा पट्टा खारपाणाचा. ताट्यांवर जे पांढरं मीठ साचतं, तेच तुषारांबरोबर सर्किटवर बसेल. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' महासंगणकाची उष्णता पाणी खेळवून काढतात, पण ते पाणी बंद नळ्यांतून फिरतं.

मी 140 मिलिमीटरचे मोठे पंखे बसवले आणि सावकाश फिरू दिले. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज पंधराएक डेसिबलनं उतरतो. हा सौदा मला फार मोलाचा वाटतो. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा तीन चतुर्थांशावर आणली. काम थोडं उशिरा संपतं, एवढंच. पंख्यांनी क्षणाक्षणाला वेग बदलू नये अशी सोयही केली. एकसुरी आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. पुढची जाळी जिनिंगच्या दिवसांत दर रविवारी धुतो.

हे सगळं मायच्या जात्यावरच्या ओव्यांसाठी. आधीच्या ध्वनिमुद्रणांत तिच्या आवाजाखाली घरघर होती. सॉफ्टवेअरनं ती काढली की ओवीच्या शेवटी ती जो श्वास सोडते तोही पुसला जायचा, आणि त्या श्वासाशिवाय ओवी मला तिची वाटेना.

गेल्या एप्रिलमध्ये पहाटे चारला बसलो. दळणाची वेळ तीच, आणि आमच्याकडं दिवसातली सगळ्यात गार वेळही तीच. बाहेरचा आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतली होती. पंखे इतके हळू फिरत होते की तिनं विचारलं, "बंद हाय का रे थे?"

"नाही माय, चालू आहे."

ती गायली. चौथ्या ओवीनंतर थांबली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खिडकी उघडून आली. कडी वाजली, दूर कुठंतरी कोंबडा आरवला, आणि तिनं पाचवी ओवी धरली. फाईलमध्ये ती कडी तशीच ठेवली आहे.