‘गेलो’ की ‘गेले’? : एका शब्दांकनाची हकिकत

मराठीत बोलणाऱ्याला स्वतःचे लिंग लपवता येत नाही, निदान अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तरी नाही, हे व्याकरणाच्या तासाला मी गेली अठरा वर्षे शिकवीत आले आहे. ‘मी गेलो’ म्हटले की पुरुष, ‘मी गेले’ म्हटले की स्त्री. शेजारच्या कन्नडात ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ही अडचण नाही, मराठी माणसाला मात्र तोंड उघडताच आपण कोण ते सांगून मोकळे व्हावे लागते. हा नियम सांगताना मी कधी अडखळले नव्हते. २०१७ च्या उन्हाळ्यात मिरजेत केलेल्या ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन करायला बसले, तेव्हा पहिल्याच पानावर अडखळले.

यल्लम्माच्या जोगत्यांकडून त्यांच्या आयुष्याच्या आणि वारीच्या गोष्टी ऐकाव्यात, त्या मुद्रित करून विभागाच्या संग्रहात ठेवाव्यात, असा माझा संकल्प होता. मराठी वाचकाला जोगता अपरिचित नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी तो साहित्यात आणला, त्यांवर आधारित ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली आला. रेणुका-यल्लम्मेच्या दैवतकथेचा शोध रा. चिं. ढेरे यांनी घेतला आहे. परंतु हे सारे लेखन जोगत्याविषयी आहे. जोगत्याने स्वतः सांगितलेले, त्याच्याच वाक्यरचनेत जतन झालेले असे आपल्यापाशी फार थोडे आहे. २०१२ साली ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध झाले आणि एक दार उघडले. मात्र जमातीत राहणारे, घराण्याच्या गुरुचेला-परंपरेत वाढलेले हिजडे वेगळे आणि देवीला वाहिलेले, पण पुष्कळदा आपल्याच गावात, क्वचित बायकोमुलांच्या घरात राहणारे जोगते वेगळे. संग्रहाच्या नोंदपत्रावर दोघांसाठी ‘तृतीयपंथी’ हा एकच शब्द लिहावा लागतो. तो लिहिताना माझा हात अडे.

माझ्या मुख्य निवेदक सत्तरीच्या होत्या. गल्लीतली पोरे त्यांना मामा म्हणत, चेले अक्का म्हणत. त्यांचे नाव छापू नये ही त्यांची अट असल्याने मीही येथे अक्काच म्हणते. त्यांच्याविषयी लिहिताना ‘म्हणाल्या’ लिहू की ‘म्हणाले’, असे मी एकदा विचारले होते. “अक्का म्हनलं की म्हनाल्या आपसूक येतंय की,” असे उत्तर मिळाले. प्रश्न एवढ्यावर मिटला असे मला वाटले, ही माझी पहिली चूक.

अक्का स्वतःविषयी बोलताना बहुतेक ठिकाणी ‘मी गेलो’, ‘मी बसलो’, ‘मी रडलो’ असेच म्हणत. व्यक्तीने आपली लिंगओळख स्वतः ठरवावी हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला होता, आणि त्या निकालाची चर्चा आम्हा अध्यापकांत ताजी होती. अक्का लुगडे नेसत, त्यांना अक्का म्हणत. तेव्हा सवयीने तोंडात बसलेले पुल्लिंग तसेच ठेवणे म्हणजे त्यांचा अवमान, असे मी स्वतःशी ठरविले आणि साठ पानांच्या शब्दांकनात सगळीकडे ‘गेले’, ‘बसले’, ‘रडले’ केले. मोठ्या आदराने केले. मग ते त्यांना वाचून दाखवायला गेले. चार पाने ऐकून अक्का हसायला लागल्या. “बाई, आमच्याकडं घरच्या बायकाबी गेलोच म्हन्त्यात. मला पुण्याची बाई केलंसा की!”

मी ओशाळले. कारण माझी आजोळची माणसे कोल्हापूरकडची. माझी सख्खी मावशी आजही निरोप घेताना ‘येतो मी’ म्हणते. आणि तिचे लिंग कोणते, हा प्रश्न मला कधी पडलेला नाही. बोलीविज्ञानाची पदवी घेऊनही, जिथे एका मुलखाची बोली होती तिथे मी एका व्यक्तीची ओळख वाचली, आणि ती दुरुस्तही करून टाकली. प्रमाण भाषेने बोलीला गिळण्याची एवढी सभ्य रीत माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण प्रकरण तेवढ्यावर संपत नव्हते. ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून ऐकताना लक्षात आले की काही मोजक्या ठिकाणी अक्का खरोखरच ‘मी आली’, ‘मी उठली’ असे म्हणतात. हे ‘आले’ नव्हे, आणि नेहमीचे ‘आलो’ही नव्हे. ही सारी स्थळे सौंदत्तीच्या वाटेवरची आहेत, डोक्यावर देवीचा जग असतानाची. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, “जग डोक्यावर असला की कोन बोलतंय ते मला काय ठावं?” याचे विवरण मी करू शकले असते, लिंग, विधी आणि निवेदन यांच्यावर एक शोधनिबंध सहज होण्याजोगा आहे. सध्या मी एवढेच केले आहे की जिथे ‘आलो’ आहे तिथे ‘आलो’ ठेवले, जिथे ‘आली’ आहे तिथे ‘आली’.

दुसरी चूक मोठी होती आणि ती व्याकरणाची नव्हती. अक्कांच्या पहिल्या वारीची गोष्ट पस्तीस मिनिटांची आहे. बैलगाड्यांचा तांडा, गुरूने स्वतःच्या अंगावरचे दिलेले जुने लुगडे, वाटेत एका गावात विहिरीवर नाकारलेले पाणी, आणि जोगुळभावीच्या कुंडावर स्नानाच्या आदल्या रात्री भिऊन मागे फिरलेला एक सोबती. हा सोबती पुढे गावी परतला, त्याने लग्न केले, संसार केला. अक्कांनी त्याचे घरातले लाडके नाव आणि गाव सहज बोलता बोलता सांगितले होते. एका चर्चासत्रात मौखिक कथनातल्या विरामांविषयी बोलताना मी तो तुकडा ऐकविला. परवानगी घेतली नव्हती. तीन मिनिटांचा तुकडा तर आहे, असे वाटले. सभागृहात त्या गावची एक विद्यार्थिनी होती. पंधरा दिवसांनी त्या सोबत्याचा मुलगा अक्कांच्या दारात उभा राहिला. तिथे काय बोलणे झाले ते अक्कांनी मला कधी सांगितले नाही. दहा महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या दहा महिन्यांत मी दप्तरखान्यातील कागदांविषयी जे मिळेल ते वाचले. मुंबई इलाख्यात हिजड्यांना मराठेशाहीपासून गावोगाव मागण्याचा हक्क, धान्य आणि क्वचित इनामही होते. इंग्रज सरकारने ते पुढे चालविण्यास कसा नकार दिला, हे लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ सालच्या निबंधात दाखविले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तर पोलिसांनी ‘षंढां’ची नोंदवही ठेवावी यासाठीच होता. नोंदलेल्याने स्त्रीवेषात बाहेर दिसणे हा गुन्हा. त्याला मृत्युपत्र करता येत नसे, दानपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे. हा कायदा आरंभी वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब यांच्यापुरता होता. मिरज संस्थानातील जोगत्यांशी त्याचा थेट संबंध जोडण्याचा माझा आग्रह नाही. तरीही कागदोपत्री हे लोक ठळकपणे दिसतात ते हक्क काढून घेताना किंवा यादीत नाव घालताना, हे ध्यानात आल्यावर अक्कांच्या एका सवयीचा उलगडा झाला. यंत्राला त्या मुळीच भीत नसत, त्याच्याकडे पाहून गातही. मी वही उघडली की मात्र गप्प होत.

त्याच वर्षी एम.ए.च्या वर्गाला ‘लीळाचरित्र’ शिकवीत होते. म्हाइंभटांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले त्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मूळ ग्रंथ नाहीसा झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला, आणि तेव्हाचे पाठभेद त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी नोंदले गेले. हे मी दरवर्षी सांगते. त्या वर्षी सांगताना सकळ लिपीपाशी थांबले. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला विजयाचा प्रसंग म्हणून शिकविला जातो. ती लिपी कोणाला आणि का हवी होती, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

अक्का पुन्हा बोलू लागल्या त्या तीन अटींवर. नावे आणि गावे असलेला भाग वेगळा काढून बंद ठेवायचा. त्या असेपर्यंत कोणालाही ऐकवायचे असल्यास आधी त्यांना विचारायचे. आणि एक प्रत चेल्याकडे द्यायची. मी तिन्ही लिहून घेतल्या आणि वाचून दाखविल्या. त्यांनी अंगठा उठविला नाही. “तुमी लिवलंय न्हवं, मग तुमीच पाळा,” म्हणाल्या.

२०२१ च्या पावसाळ्यात अक्का गेल्या. ध्वनिमुद्रणे संग्रहात रीतसर दाखल करण्याचा अर्ज मी भरला, तेव्हा त्यात एक रकाना होता : निवेदक हयात नसल्यास कायदेशीर वारसाची संमती. अक्कांचा जग, चौंडके, परडी, लुगडी सारे परंपरेने चेल्याकडे आले होते. त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. आवाज मात्र पुतण्याचा निघाला. हा पुतण्या तीस वर्षांत त्यांच्या दारात आला नव्हता. मी चेल्याचे नाव लिहून अर्ज पाठविला, तो ‘नाते स्पष्ट करावे’ असा शेरा घेऊन परत आला. ‘गुरु-चेला’ असे लिहून पुन्हा पाठविला. तो अद्याप कुठल्याशा टेबलावर आहे आणि मुद्रणे माझ्या कपाटात.

चेला मधूनमधून मंगळवारी, जोगवा मागून झाला की, विभागात येतो. (हा ‘येतो’ त्याचाच, विचारून लिहिला आहे.) संगणकावर अक्कांचा आवाज लावून देते. मागच्या खेपेस पहिल्या वारीची गोष्ट ऐकताना मध्येच त्याने हात वर केला. “असं न्हाई. आमास्नी अक्कानं येगळं सांगितलं हुतं.” त्याच्या सांगण्यानुसार कुंडावरून भिऊन मागे फिरल्या त्या अक्का, आणि तो सोबती अंधारात तीन कोस मागे चालत येऊन त्यांना हाताला धरून परत घेऊन गेला होता.

ध्वनिमुद्रण मी पुन्हा लावले. त्यात स्पष्ट ऐकू येते : “त्यो मागं फिरला.” आणि त्यानंतर अक्का बराच वेळ बोलत नाहीत. चर्चासत्रात मी ज्याच्यावर बोलले होते तो विराम हाच.

शब्दांकनाच्या समासात मी ‘चेल्याचा पाठ’ असे लिहून त्याने सांगितलेले जसेच्या तसे उतरवून घेतले. वर दिलेला एवढा सारांश त्याच्या संमतीने येथे छापला आहे. त्याने ते दोनदा वाचून घेतले, एका ठिकाणी ‘घेऊन गेला’चे ‘घिऊन ग्येला’ करायला लावले, आणि हा भाग बंद पाकिटात घालायचा की बाहेर ठेवायचा ते पुढच्या मंगळवारी सांगतो म्हणाला.