उचित विळास

कानडीत पत्त्याला 'विळास' म्हणतात आणि फुकटला 'उचित'. लग्न होऊन मिरजेहून हुबळीला आले, तेव्हा या दोन शब्दांचं मला फार हसू येई. साबणाबरोबर चमचा 'उचित' मिळायचा आणि पोस्टातला कारकून माझा 'विळास' विचारायचा! हे दोन शब्द जोडीनं माझ्या वाट्याला येतील असं मात्र कधी वाटलं नव्हतं. ते आले १९९९ साली, लॅमिंग्टन रोडवर.

तोवर मला स्वतःचा असा पत्ताच नव्हता. माहेरची पत्रं 'द्वारा' मामंजींच्या नावानं यायची. पोस्टमन त्यांच्या हाती देई आणि आंतरदेशीय पत्र फोडूनच आत येई. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. घरी आलेलं पत्र घराचं, अशी रीतच होती. त्यामुळे आई पत्रात लिही ते सगळ्यांनी वाचावं असंच, आणि माझं उत्तरही तसंच.

त्या वर्षी धाकटा भाऊ संगणकाच्या कामासाठी अमेरिकेला गेला. दर तीन-चार महिन्यांनी त्याचं गाव बदले. जाताना तो म्हणाला, "ताई, इ-मेल घे. फुकट असतो." म्हणून मुलाला बरोबर घेऊन मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका सायबर कॅफेत गेले. लाकडी फळ्यांचे कप्पे, बाहेर चपला आणि तासाचे पैसे आगाऊ! इ-मेल उचित, पण खुर्ची उचित नव्हती.

या फुकट पत्राची कहाणी तेव्हा आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगितली जाई, कारण बंगळुरात वाढलेल्या सबीर भाटिया यांनी जॅक स्मिथ यांच्याबरोबर ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं होतं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनं ते सुमारे चाळीस कोटी डॉलरना विकत घेतलं. त्याआधी इ-मेल बहुधा नोकरीच्या जागी मिळे, नाहीतर इंटरनेटच्या जोडणीचे पैसे भरावे तेव्हा. आता पत्रं दूरच्या कंपनीच्या यंत्रात राहू लागली आणि जगातल्या कुठल्याही संगणकावरून ती उघडता येऊ लागली. स्वतःचं यंत्र नको, फोन नको. पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी 'तुम्हीही फुकट घ्या' अशी ओळ असे. हळदीकुंकवाचं बोलावणं जावं तसं ते घरोघर पसरलं.

अशा सेवा तोवर पुष्कळ झाल्या होत्या. मी त्यातली एक घेतली. कॅफेतला मुलगा म्हणाला, "अक्का, हेसरु हेळ्री." नाव सांगा. सासरचं नाव ओठावर आलं, पण मी माहेरचं सांगितलं. ते आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. मग त्याला 'मिरज' जोडलं. लग्नानंतर पंधरा वर्षांनी ते नाव मी पुन्हा लिहिलं होतं, आणि 'द्वारा' कुणी नव्हतं.

आई हुबळीला आली की तिला घेऊन जाई. ती सांगे, मी टंकत असे. मराठी, पण रोमन अक्षरांत! एकदा आईची दाढ पडली. 'ढ'मधला 'एच' माझ्या हातून अलीकडे सरकला. रात्री दोन वाजता भावाचा फोन, "ताई, कुणाच्या घरी धाड पडली?" आई पुढे कितीतरी दिवस हसत होती.

२००३ साली आई गेली. त्यानंतर काही महिने मी कॅफेची पायरी चढले नाही. चढले तेव्हा खातं रिकामं होतं. इतके दिवस न उघडल्यास सारं पुसलं जाईल, ही अट मी पहिल्याच दिवशी न वाचता मान्य केली होती. भावाचं खातं तर नोकरीबरोबरच गेलेलं. मामंजींनी फोडलेली आंतरदेशीय पत्रं अजून ट्रंकेत आहेत. मी स्वतःच्या नावानं घेतलेल्या पत्त्यावरचं मात्र काही उरलं नाही.

तरीही २००४ साली जीमेल निघालं, तेव्हा मी पुन्हा तेच नाव घेतलं, 'मिरज' जोडूनच. गावाची हुबळीची अधिकृतपणे हुब्बळ्ळी झाली, आम्ही घर बदललं, मामंजी गेले. तो विळास अजून आहे.

फक्त एक सवय लागली आहे. भावाच्या, मुलाच्या पत्रातलं जे राहावंसं वाटतं, ते एका वहीत हातानं उतरवून ठेवते. आईचं दाढेचं पत्रही आठवून आठवून लिहिलं आहे. त्यात 'ढ' नीट काढला आहे.