रानकोंबड्याची दोन पाने

जुनी पक्षिचित्रे जमविण्याचा मला छंद आहे, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आणि मागाहून संशय उमटतो. कौतुक पक्ष्यांचे, संशय असा, की निवृत्त शाळामास्तराला हा राजेरजवाड्यांचा शौक परवडतो कसा? तो संशय आधी फेडून टाकतो. ऑडुबॉनचे मेजाएवढे पक्षी माझ्या स्वप्नातही येत नाहीत. मी जमवितो ती सर विल्यम जार्डिन यांच्या ‘नॅचरलिस्ट्स लायब्ररी’ या ग्रंथमालेतली वीतभर उंचीची चित्रे. १८३३ ते १८४३ या काळात एडिंबरोहून या मालेचे चाळीस खंड निघाले. त्यांतले चौदा पक्ष्यांवर. किंमत खंडास सहा शिलिंग. तेव्हा ही पुस्तके मुळातच बेताच्या प्राप्तीच्या माणसांसाठी काढलेली, आणि अशाच एका माणसाच्या घरी ती आता बेळगावात येऊन राहिली आहेत, एवढेच.

ही चित्रे पोलादी पत्र्यावर खोदलेली. खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा स्वच्छ पुसायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. खाचांतली शाई कागदावर उतरे. येथवर सारे काळे-पांढरे. रंग मात्र हातानेच द्यावयाचा. नमुन्याचे एक पान समोर ठेवून रंगारी छापील पानांवरून कुंचला फिरवीत. या मालेत रंग बहुधा पक्ष्यालाच मिळे. मागची झाडी, डोंगर, पाणी काळ्या रेषांतच राहू देत. काटकसरीचीच ही युक्ती असावी. पण तिच्यामुळे पक्षी असा काही उठून दिसतो, की धुक्यातून तोच तेवढा पुढे आला आहे असे वाटावे. भिंगातून पाहिले की आजच्या छापील प्रतिकृतीत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. येथे दिसतो कुंचल्याचा फराटा, आणि क्वचित रेषेचे कुंपण ओलांडून बाहेर सांडलेला रंग.

माझ्याजवळ राखी रानकोंबड्याचे एकच चित्र दोनदा होते. पक्षी आपल्या घाटातला. खानापूरच्या रानात, आंबोलीला, मोल्याच्या बाजूस पहाटे त्याची तुटक बांग ज्यांनी ऐकली आहे त्यांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. कोकणी वाचक त्याला रानकोंबो म्हणतील. शास्त्रातले त्याचे नाव मात्र सॉनरा या फ्रेंच प्रवाशावरून पडले. आपल्या १७८२ च्या प्रवासग्रंथात सॉनराने याला घरच्या कोंबडीचा मूळपुरुष ठरविले होते. पुढे तो मान तांबड्या रानकोंबड्याकडे गेला आणि सॉनराला लोक विसरले. परंतु घरच्या कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा याच राखी पक्ष्याकडून आला असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. सॉनरा अगदीच चुकला नव्हता म्हणायचा!

याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी लाखेच्या थेंबांसारखे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात. रंगाऱ्याची खरी कसोटी तेथे. माझ्या एका पानावर प्रत्येक ठिपका जागच्या जागी, टाचणीच्या टोकाने ठेवल्यासारखा. दुसऱ्यावर पहिल्या काही पिसांवर तीच निगा, आणि मग खांद्याकडे येता येता ठिपके लांबट होतात, एकमेकांत मिसळतात; तुऱ्याचा तांबडा रंग तर चोचीपर्यंत ओघळला आहे. पत्रा एक, नमुना एक, पण हात दोन. एकच हात असेल तर सकाळ निराळी आणि संध्याकाळ निराळी. पानाखाली नाव आहे ते लिझार्स या खोदकाराचे. रंगाऱ्याचे नाही.

या रंगाऱ्यांची गाठ मला इतिहासात एकदाच पडली. ऑडुबॉनच्या महाग्रंथाची पहिली दहा चित्रे याच लिझार्सने खोदली. १८२७ साली त्याच्याकडच्या रंगाऱ्यांनी संप केला, काम अडले, आणि ऑडुबॉन ते उचलून लंडनला हॅवेलकडे घेऊन गेला. तेथे ते १८३८ साली, ४३५ चित्रांनी पुरे झाले. रंग देत होते तोवर त्यांची कुणी दखल घेतली नाही. कुंचले खाली ठेवले तेव्हा ती पुस्तकात गेली. चित्रांच्या सौंदर्यावर लिहिणारे विद्वान हा प्रसंग अडचणीसारखा एका वाक्यात उरकतात, याचे मला नवल वाटते.

सुट्या पानांबद्दल एक गोष्ट मात्र कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पान उलटे करून कडेला बोट फिरवा. शिवणीची बारीक भोके लागतात. प्रत्येक सुटे पान कोणत्या तरी ग्रंथातून निघाले आहे. काही ग्रंथ वाळवीने आधीच मोडलेले असतात, तर काही सुरीने मोडले जातात, कारण तीसेक चित्रे सुटी विकली की अखंड पुस्तकाहून अधिक पैसे येतात.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे १८३४ चा कुक्कुटवर्गीय पक्ष्यांचा खंड आला. बांधणी शाबूत, चित्रे सगळी. एका उपाहारगृहाला भिंतीसाठी त्यातली सहा पाने हवी होती. व्यापारी माणूस सरळ, म्हणाला, “मास्तर, अखंड घेणारा मिळाला तर माझी सुरी बाहेर येणार नाही. पण थांबायला मला सवड नाही.” रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी. घरी विचारले. सौभाग्यवती म्हणाल्या, “भिंतीवरची थोडी कमी करा की, नाहीतरी पावसाळ्यात त्यांना पुसता पुसता माझे हात दुखतात.”

तेव्हा आठ सुटी पाने देऊन आणि वर थोडी रोख घालून खंड घरी आणला. व्यापाऱ्याने रानकोंबड्याचे एक पान मागितले, आणि दोन्ही पुढे ठेवल्यावर साहजिकच नीटस ठिपक्यांचे उचलले. मी हरकत घेतली नाही. तुरा ओघळलेले पान माझ्याकडे राहिले. खंडातल्या तिसऱ्या प्रतीत ठिपके कसे आहेत ते भिंग घेऊन अजून नीटसे पाहायचे आहे. बांधणी जुनी आहे, पुस्तक अर्ध्याहून अधिक उघडण्याचा धीर होत नाही.