ढाल, धान आणि मोर्चा

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. पाहुण्यांना सगळीकडे फिरता यावं म्हणून तारखा एकमेकांना सांभाळून धरतात. सोयरिकी इथंच जुळतात, आणि पुढच्या निवडणुकीचे इच्छुकही उद्घाटक म्हणून याच मंचावर पहिल्यांदा दिसतात.

मी ग्रामीण अर्थशास्त्र शिकवतो. मंडईत आम्ही उलाढाल बघतो: उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, पाळणे, रात्रीच्या झाडीपट्टी नाटकाची तिकिटं. दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्यं लोकसाहित्यवाल्यांकडे. गुराखी गोवाऱ्यांच्या ढालीकडे तर माझ्या विषयाचं कुणी ढुंकून पाहत नाही, आणि मला वाटतं तिथंच आमची गफलत होते.

ढाल म्हणजे उंच बांबू, त्याला रंगीत कापड, वर मोरपिसं. डफरीच्या तालावर नाचत गोवारी ती मंडईत आणतात. त्याआधी पाडव्याला गायगोधन होतं. गुरं रंगवतात, सजवतात. वर्षभर ती राखणारा गोवारी धन्याच्या दारी जातो, गाणी म्हणतो आणि धान, पैसे, कपडा घेऊन निघतो. हे दान वाटतं, पण आहे ती मजुरी. ढोरामागे अमुक धान असा वर्षाचा बोलीचा करार. कागद नाही, साक्षीदार सगळं गाव. हलका धान कापून कडपे बांधीत पडलेले असताना, चारचौघांत, देवासमोर मागितलेलं कोण नाकारणार? पूजेनं तो करार राखला. गाण्यानं त्याची आठवण दिली.

मग ट्रॅक्टर आले, हार्वेस्टर आले, बैलजोड्या विकल्या गेल्या. धान आता आधारभूत केंद्रावर जातो. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. चुकारा उशिरा का होईना, बँकेत येतो. खळ्यावर मोजून द्यायला काही उरलंच नाही, आणि राखायला ढोरंही नाहीत. करार मोडला असं कुणी म्हटलं नाही, कारण तो कधी लिहिलेलाच नव्हता.

ज्याचा व्यवसाय असा गेला तो आरक्षण मागायला सरकारकडे गेला. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती आपलीच, असं गोवारी समाजाचं म्हणणं. सरकारला ते मान्य नव्हतं. 23 नोव्हेंबर 1994 रोजी, दिवाळीनंतर तीन आठवड्यांत, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा गेला आणि चेंगराचेंगरीत 114 जण मेले. त्यांत बायका-मुलंच जास्त. पुढच्या वर्षी समाजाला विशेष मागास प्रवर्गात घातलं गेलं. मागणी तीच राहिली.

मग न्यायालय. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे 1916 चे ग्रंथ उघडले गेले. देव कोणते, चालीरीती कोणत्या, गोंडांशी नातं काय, यावर वाद झाले. 14 ऑगस्ट 2018 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात 1911 पूर्वीच नामशेष झाली, त्यामुळे नोंद गोवाऱ्यांचीच. 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: यादीत जे लिहिलं आहे ते पुराव्यानं बदलता येत नाही. मधल्या काळात मिळालेल्या नोकऱ्या आणि प्रवेश तेवढे वाचले.

कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर असेल. खटकतं ते वेगळंच. पोटाच्या प्रश्नासाठी या माणसांना आपला देव आणि इतिहास दाखवावा लागला. गुराख्याची मजुरी केव्हा थांबली, तिच्या जागी काय आलं, ही माझ्या विषयाची चौकशी कुणी फारशी केलीच नाही. आम्ही अर्थशास्त्रवाल्यांनीही नाही. नाचाला आम्ही संस्कृतीच्या खात्यात टाकून मोकळे झालो.

डिसेंबरात पुन्हा अधिवेशन भरेल आणि धानाच्या बोनसची मागणी होईल. 2023-24 च्या हंगामाला तो हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असा जाहीर झाला होता. मिळतो तो सातबाऱ्यावर. लाखनी-साकोलीकडच्या मंडयांत मला भेटणारे ढालवाले बहुतेक दुसऱ्याच्या बांधीत कापणीला जातात, आणि त्यांच्या नावावर सातबारा नाही.