तीन भिंगें आणि एक चेहरा

माणसाचें छायाचित्र घेणें जसजसें सोपें होत गेलें, तसतसें तें चांगलें येणें दुर्मिळ होत गेलें, असें मला वाटूं लागलें आहे. पूर्वीं मनुष्य जन्मांत एकदां, फार तर दोनदां, छायाचित्रकारापुढें बसे. खुर्चींत ताठ बसलेले आजोबा, शेजारीं उभी असलेली आजी आणि मागें रंगवलेला पडदा, एवढें दिसलें कीं घरच्या मंडळींचें समाधान होई. आतां खिशांतला फोन दिवसाकांठीं पन्नास चेहरे टिपतो, आणि त्यांतला एकहि चौकटींत बसवावासा वाटत नाहीं.

चेहऱ्यासाठीं म्हणून खास भिंग बनविण्याची विद्या बरीच जुनी आहे. १८३९ सालीं डागेरची युक्ति जगापुढें आली, तेव्हां भिंगें इतकीं मंद होतीं कीं उन्हांत बसलेल्या माणसालाहि कित्येक मिनिटें निश्चल राहावें लागे. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झव्हल यांनीं १८४० सालीं ही अडचण कागदावर सोडविली. आकडेमोडीसाठीं त्यांना ऑस्ट्रियन तोफखान्यांतील गणित जाणणारी माणसें मिळालीं होतीं! तोफांचा हिशेब करणाऱ्या हातांनीं चेहऱ्यांचा हिशेब केला, याची मला अजूनहि गंमत वाटते. तें भिंग फॉइग्टलेंडरनें घडविलें. त्यानें प्रकाश कितीतरी पट अधिक मिळूं लागला आणि बसणाऱ्याची शिक्षा मिनिटाच्या आंत आली. त्यांत एक वैगुण्य मात्र होतें. मध्यभाग लख्ख येई, पण कडेकडेला चित्र विरघळत जाई. लोकांना तें वैगुण्यच आवडलें. कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुलीनें व जांवयानें कॅमेरा भेट दिला. त्यांनीं काढलेल्या तसबिरी अस्पष्ट म्हणून टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. १८६७ सालीं त्यांनीं घेतलेलें वृद्ध जॉन हर्शेल यांचें चित्र पाहावें, आणि मग स्पष्टतेविषयीं वाद घालावा.

माझ्यापाशीं आज अशीं तीन भिंगें आहेत. पहिलें रशियन हेलिओस, ५८ मिलिमीटरचें, एफ/२. युद्धापूर्वीच्या जर्मन बायोटारच्या धर्तीवर तें बेतलेलें होतें, आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर तें लक्षावधि घरांत पोंचलें. दुसरें निक्कोर, १०५ मिलिमीटर, एफ/२.५, १९७१ नंतरच्या सुधारलेल्या रचनेचें. १९८४ सालीं पाकिस्तानांतील निर्वासितांच्या छावणींत स्टीव्ह मॅकरी यांनीं हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचें जें जगप्रसिद्ध चित्र घेतलें, तें १०५ एफ/२.५ निक्कोरनेंच. तिसरें अगदीं अलीकडचें, ८५ मिलिमीटर, एफ/१.४. त्याची किंमत मीं घरांत अजून सांगितलेली नाहीं.

सारे हौशी लोक करतात तेंच मीं प्रथम केलें. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटविलें आणि तिन्ही भिंगें एकाच कॅमेऱ्याला जोडून, छिद्र पूर्ण उघडें ठेवून तें टिपलें. निकाल अपेक्षित होता. नव्या भिंगानें कोंपऱ्यांतल्या जाहिरातीहि वाचून दाखविल्या. निक्कोर कडेला किंचित् ढिलें पडलें. हेलिओसला मधला मथळा तेवढा नीट वाचतां आला. काळ्या दारापुढें पांढरें सूत धरलें, तर जुन्या दोघांनीं सुताला जांभळी किनार लावली. नव्यानें सूत पांढरेंच ठेविलें. परीक्षा येथें संपवावी, तर निवड सोपी होती.

पण मला छायाचित्र हवें होतें आत्याचें. आत्या वाईला असते. वय शहाऐंशी. गेल्या दोन वर्षांत तिची स्मृति हळूहळू निसटत चालली आहे. सकाळीं ओळख पटते, दुपारीं पटत नाहीं. तिचें एकटीचें असें एकहि चित्र घरांत नव्हतें. मी पडवींत खुर्ची मांडूं लागलों, तशी ती म्हणाली, "भिंतीसाठीं काढतोस ना रे? त्यांच्या शेजारीं मीं खिळा कधींचा ठोकून घेतला आहे." माजघरांत काकांची तसबीर आहे, तिला चंदनाचा हार आहे, आणि शेजारीं खरोखरच एक रिकामा खिळा आहे. त्या दिवशीं तिला सारें आठवत होतें.

डोळ्यांच्या डॉक्टरांनीं तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर कृत्रिम भिंगें बसविलीं आहेत. म्हणजे त्या पडवींत आम्ही दोघें आणि पांच भिंगें होतों!

वेगवान भिंगाचा एक धर्म असा कीं, जितकें छिद्र मोठें तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. दीड मीटरवरून ८५ मिलिमीटरचें भिंग एफ/१.४ वर वापरलें, तर हा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतो. आत्यानें मान थोडी वळविलेली होती. जवळच्या डोळ्याची पापणी न् पापणी उमटली. पण हनुवटी आणि कान धुक्यांत गेले. छिद्र एफ/४ पर्यंत लहान केल्यावर पट्टा सात सेंटिमीटरच्या वर गेला आणि सगळा चेहरा हाताला लागला. खरें सांगायचें तर तंत्राच्या दृष्टीनें त्या दिवसाचें तेंच सर्वोत्तम चित्र. निक्कोर लांबीला अधिक, म्हणून मी मागें सरकलों. तेवढ्याच आकाराच्या चेहऱ्याला एफ/२.५ वर साडेचार सेंटिमीटर मिळाले. डोळा आणि हनुवटी दोन्ही त्यांत मावलीं.

हेलिओसनें आपला खेळ निराळाच केला. आत्याच्या मागें अंगणांतला पारिजातक होता. त्याचीं पानें तिच्या डोक्याभोंवतीं गोल फिरत गेलीं, जशी देवीच्या मागची प्रभावळ. उजेड समोरून आल्याबरोबर रंग फिके पडले तें वेगळेंच. पार्श्वभूमीच्या या विरण्याला 'बोके' हा जपानी शब्द १९९७ सालीं एका अमेरिकन मासिकानें रूढ केला. मराठी माणसाला तो ऐकून माळ्यावरचे बोके आठवतात, त्याला इलाज नाहीं. जपानींत मात्र त्याच उच्चाराच्या शब्दानें म्हातारपणचा विसरभोळेपणाहि दाखवितात. हें मीं आत्यापाशीं बोललों नाहीं.

पुढच्या खेपेस मी चारी चित्रें छापून घेऊन गेलों. तो दिवस तिचा चांगला नव्हता. एका डोळ्याचें चित्र तिनें उलटेंपालटें करून खालीं ठेविलें. एफ/४ चें, सुरकुती न् सुरकुती दाखविणारें, चित्र पाहून ती वहिनींना म्हणाली, "ह्या बाई फार दमलेल्या दिसतात ग. चहा दे त्यांना." हेलिओसच्या चित्राला तिनें हात जोडले, "आई" एवढेंच म्हणाली. मला वाटलें, आतां उरलेलें दाखवूं नये.

वहिनींनीं तें दाखविलें. आत्याच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, इतके पुसट कीं उजेडांतच दिसावेत. निक्कोरच्या चित्रांत ते हिरवट-निळे असे नेमके उतरले होते. नव्या भिंगाच्या दुसऱ्या चित्रांतहि ते होते, परंतु शंभर रेषांच्या गर्दींत. आत्यानें एक बोट चित्रावर ठेविलें आणि दुसरें स्वतःच्या हनुवटीवर. मग मांढरदेवीच्या जत्रेंत आपण किती रडलों, गोंदणारीनें गुडघ्यांत डोकें कसें दाबून धरलें, आणि रडूं थांबावें म्हणून वडिलांनीं कोणत्या रंगाची रिबीन घेऊन दिली, हें सारें तिनें सांगितलें. रिबीन जांभळी होती.

वहिनींना हेलिओसचें चित्र हवें होतें. त्यांत सासूबाई देवीसारख्या दिसतात, असें त्यांचें म्हणणें. दादाला स्पष्ट चित्र पसंत. एवढें महाग भिंग मग कशाला, हा त्याचा रोकडा सवाल. आत्या मात्र हातांतलें चित्र सोडीना. "आतांच लाव," ती म्हणाली, "मला बघूं दे." जितेपणीं तिला काकांच्या शेजारीं लावायला दादा तयार होईना. तिच्या खाटेसमोरची भिंत मातीची, तिच्यांत खिळा ठरेना. तेव्हां चौकट होईपर्यंत तें चित्र फडताळांत, तांब्याला टेकून उभें केलें आहे.