गोवा, सकाळी सहा

गोव्याला चाललेय म्हटलं की मित्रमंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. बागा की पाळोळे? कोण कोण चाललंय? शॅक कुठलं? माझं उत्तर ऐकून मात्र सगळ्यांचे चेहरे पडतात. मिरामार. सकाळी सहा. एकटी, सोबत सायकल. बीअर नाही, आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. ‘‘मग अलिबागला जा की, एवढा खर्च कशाला?’’ इति आमची एक मैत्रीण.

खर्चाचं कारण असं. पणजीच्या या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ ला ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत झाली. या नावाची ती भारतातली पहिलीच. कोविडमुळे मध्ये खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. ७०.३ हा आकडा मैलांचा. आपल्या भाषेत, १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि ती स्टँडला लावून २१.१ किलोमीटर पळायचं. बेरीज ११३. सलग, आणि साडेआठ तासांत. २०१९ ला आपल्या बिश्वोरजीत सिंगने हे सगळं पावणेपाच तासांच्या आत संपवलं होतं. म्हणजे आपण घड्याळात बघून ‘अजून लंच नाही झालं’ म्हणतो, तेवढ्या वेळात.

आणि ही म्हणे ‘हाफ’! अख्खी शर्यत याच्या दुप्पट. ती जन्माला आली १९७८ मध्ये, हवाईतल्या ओआहू बेटावर. पोहणारा जास्त फिट, सायकलवाला की पळणारा, या वादातून जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवराबायकोच्या डोक्यात आलं की बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकमेकींना जोडून टाकू. पंधरा जण उतरले, बारा जण पोचले. पहिला आला गॉर्डन हॅलर, पावणेबारा तासांनी. दुसऱ्या नंबरच्या जॉन डनबारकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्याच्या मदतनीसांनी त्याला बीअर पाजली. (गोव्यात बीअर नको म्हणणारी मी हा किस्सा कोणाला सांगत नाही.) पुढच्याच वर्षी लिन लेमेअर नावाची सायकलपटू उतरली आणि पाचवी आली. ही शर्यत पुरी करणारी पहिली बाई तीच.

हल्ली आपल्याकडेही हे वेड चांगलंच पसरलंय. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये, पन्नाशीत झुरिकला अख्खी आयर्नमॅन केली, तेव्हापासून प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस पहाटे गायब व्हायला लागला. आपल्या नाशिकच्या सैयामी खेरने २०२४ मध्ये हाफ केली, २०२५ मध्ये परत केली. शूटिंगच्या तारखा सांभाळून हे जमतं, तर माझ्या डेडलाईन्स काय चीज आहेत, असं वाटून मी नाव नोंदवलं. फी माझ्या महिन्याच्या भाड्याहून जास्त. फ्रीलान्सरच्या आयुष्यात याला पराक्रम म्हणतात.

सायकल आणि पळणं यांची मला फारशी धास्ती नाही. वाशी ते बेलापूर पाम बीच मार्ग पहाटे पाचला रिकामा असतो. जाऊन येऊन वीसेक किलोमीटर, अशा चार-साडेचार फेऱ्या मारल्या की नव्वद होतात. कंटाळा येतो, पण कंटाळ्याचीच तर प्रॅक्टिस करायची असते. पळायला मरिन ड्राइव्ह आहेच. प्रश्न आहे तो पाण्याचा.

मी बार्शीची. आमच्या भागात उन्हाळ्यात नळाला पाणी येणं हीच बातमी असते, तिथे पोहणं कुठलं! मुलगे शिकायचे ते मामाच्या गावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा बांधून. आम्ही बहिणी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. त्यातून आमच्या घरात पाण्याची दहशत. आईचा धाकटा भाऊ विहिरीत गेला तो वर आला नाही. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानंतर घरात कोणी पोहण्याचं नाव काढलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. मी पोहायला शिकले पंचविसाव्या वर्षी, दादरच्या शिवाजी पार्कवरच्या तलावात, सकाळच्या लेडीज बॅचमध्ये. बाजूच्या लेनमध्ये आठ वर्षांच्या पोरी सपासप जायच्या आणि मी कठड्याला धरून फुगे सोडायचे.

त्या पन्नास मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ३८ लांब्या. त्या मी आता एक तास दोन मिनिटांत काढते. समुद्रात मर्यादा आहे एक तास दहा मिनिटांची. त्याहून उशीर झाला की तुमची सायकल तिथेच उभी राहते, तुमची शर्यत संपते. आठ मिनिटं हातात आहेत म्हणून मी खुशीत होते. पण तलावाला तळाशी काळी रेघ असते, दर पन्नास मीटरला भिंत असते, पाणी निळं आणि निवांत असतं. मिरामारला यातलं काहीच नाही.

म्हणून ही फेब्रुवारीची वारी. सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमाराला कोकणकन्या, सायकलची चाकं काढून गोणपाटात गुंडाळलेली, आणि सकाळी करमळीला उतरले. डब्यातल्या एका आजोबांनी रत्नागिरीपर्यंत तो हार्मोनियम समजून त्याची काळजी घेतली.

मिरामारला जुने लोक अजून गास्पार दियश म्हणतात. मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथला हा किनारा. रुंद वाळू, मागे सुरूची झाडं, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी. बागासारखी झिंग इथे नाही. पणजीकर इथे फिरायला येतात, नातवंडांना वाळूत सोडतात, भेळ खातात. समोर नदीच्या मुखापलीकडे आग्वाद किल्ला दिसतो. पोर्तुगीजांनी तो १६१२ मध्ये बांधून पुरा केला आणि नाव दिलं ते पाण्यावरून, कारण लांबून आलेली गलबतं तिथे गोडं पाणी भरून घ्यायची. पाणी भरायला थांबायची जागा! लांब पल्ल्याच्या माणसाला यापेक्षा जवळचं वाटेल असं नाव दुसरं नाही.

इथे सकाळी पोहणाऱ्यांचा एक छोटा कंपू जमतो. सोबत एक कयाकवाला असतो, आणि लाइफगार्ड मनोऱ्यावर चढल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही हा त्यांचा नियम. दुसरा नियम भरती-ओहोटीचा. ओहोटीला मांडवीचं पाणी बाहेरच्या बाजूला ओढतं, म्हणून भरती पुरी व्हायच्या सुमाराला उतरायचं. नदीच्या गाळामुळे पाणी चहाच्या रंगाचं. हात लांब केला की कोपरापुढचं काही दिसत नाही. कमरेला दोरीने एक नारंगी फुगा बांधतात, लांबून दिसावा आणि दम लागला तर धरता यावा म्हणून. तो बांधताना मला हसूच आलं. विहिरीतल्या पोरांचा डबा अखेर माझ्याही वाट्याला आला, अठ्ठाविसाव्या वर्षी.

पहिल्या दिवशी मी सहाशे मीटरवरून परत फिरले. दम लागला नव्हता, हातपाय दुखत नव्हते. खाली काही दिसत नाही एवढंच. तेवढ्यानेच छाती धडधडायला लागली आणि श्वास तोंडातल्या तोंडात अडकला. कयाकवाल्याने काही न विचारता होडी जवळ आणली. कंपूतले एक काका, साठी ओलांडलेले, बँकेतून रिटायर झालेले, माझ्याबरोबर उलटे फिरले. उथळ पाण्यात उभं राहून म्हणाले, ‘‘भिवपाची गरज ना, बाय.’’ मग मराठीत, माझ्यासाठी सावकाश: तळ बघायचाच नाही. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढायचे, समोरचं एक उंच झाड धरायचं आणि परत डोकं खाली. श्वास सोडताना पाण्यात गुणगुणायचं. गुणगुणलं की श्वास अडकूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बाराशे मीटर झाले. काय गुणगुणले ते विचारू नका, पुलाव-बिर्याणीच्या एका जाहिरातीची ट्यून होती.

रविवारी पुरं अंतर. किनाऱ्याला समांतर, जाऊन येऊन. येताना लाटा अंगावर, एकदा नाकातोंडात खारं पाणी गेलं, एक जेलीफिश हाताला चाटून गेली (मुंगी चावावी इतपतच, प्रत्येक वेळी इतकं स्वस्तात सुटता येत नाही म्हणे). वाळूला पाय लागले आणि घड्याळ बंद केलं. एक तास सात मिनिटं. गंमत पुढे आहे. घड्याळात अंतर दिसत होतं २.१ किलोमीटर. म्हणजे मी दोनशे मीटर वाकडीतिकडी जास्त पोहले. सरळ गेले तर वेळ वाचेल. पण शर्यतीच्या दिवशी शेकडो हातपाय आजूबाजूला असतील, तेव्हा तीही मिनिटं कोणाच्या तरी लाथेत जाणार. तूर्त हातात तीन मिनिटं आहेत. आणि वेटसूट नाही. गोव्याचं पाणी इतकं कोमट की तरंगायला मदत करणारा तो रबरी सूट इथे चालत नाही.

त्यानंतर लगेच सायकल, आणि सायकलवरून उतरून लगेच पळणं. याला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय खरंच विटांचे वाटतात. मिरामारहून करंजाळेमार्गे दोना पावलाला जाणारा रस्ता याला मस्त, सपाट आणि समुद्राच्या कडेने. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सर्कलपासून राजभवनाकडे चढ लागतो आणि तिथे तुमचा सगळा ॲटिट्यूड उतरतो. जेटीवर पर्यटक ‘एक दुजे के लिए’ची जागा शोधत असतात. मी चढ उतरून आले तेव्हा एका काकूंनी नवऱ्याला विचारलं, ‘‘हिला कोणी मागं लागलंय का?’’

खाण्याचं म्हणाल तर महागड्या जेलपेक्षा माझी भिस्त गूळ-पोळीच्या गुंडाळीवर, मीठ लावून उकडलेल्या बटाट्यांवर आणि मीठ जास्त घातलेल्या लिंबूपाण्यावर आहे. या दमट हवेत घामातून मीठ भराभर जातं, आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर उलट गळून जायला होतं. एकच पथ्य: शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात घालायचं नाही. पणजीतलं फिश थाळीचं दुकान संपल्यावर.

तुम्हीही विचारात असाल तर जागेची निवड जानेवारी ते मार्चमध्ये करा, समुद्र शांत असतो. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात पाण्यात उतरायची सोयच नाही, आणि शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. म्हणजे समुद्राची प्रॅक्टिस उन्हाळ्याच्या आत संपवायची आणि पुढचे चार महिने पुन्हा दादरच्या काळ्या रेघेवर. मुक्काम मिरामार किंवा कांपालला ठेवा, सगळं पायी अंतरावर पडतं.

रविवारी रात्री करमळी स्टेशनवरून आईला फोन केला. किती वेळ लागला, पाणी कसं होतं, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘कशाला जीव धोक्यात घालतीस गं?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तो फुगा नीट बांधतात ना?’’

एप्रिलच्या फेरीला ती येतेय. पोहायला नाही, काठावर बसायला. सुरूच्या सावलीतली जागा मी बघून ठेवलीय. तिकीट काढलंय, अजून वेटिंगवर आहे.